शिडाखालचा माणूस

६ जानेवारी २०२५, सोमवार

संपदाने आज केबिनमध्ये बोलावलं आणि चहा मागवला. येत्या नऊ मार्चला ‘शीड टेलिफिल्म्स’ला तीस वर्षं होतात. वसईतच हॉल घेऊन कार्यक्रम करायचा आहे. मालिका सुरू होण्याआधी पडद्यावर आमची होडी येते, त्या बोधचिन्हाची आजवरची चारही रूपं ओळीने दाखवायची आणि शेवटी पाचवं, अगदी नवं. “काका, हे तुमच्याशिवाय कोण करणार?” असं ती म्हणाली. तिचे वडील दिवाकर गेले, त्यानंतर मला असं समोर बसवून कोणी काही विचारलं नव्हतं. बरं वाटलं.

नवं चिन्ह रिद्धी करते आहे. सव्वीस वर्षांची मुलगी, हात चांगला आहे. जुन्या टेपा कुठे काय आहेत याची यादी करा, रिद्धीला सगळं समजावून ठेवा, असंही संपदा म्हणाली. घरी आल्यावर आशालताला सांगितलं. यादी कशाला हवी, असं तिने विचारलं. म्हटलं, ऑफिसला शिस्त लागते आहे. ती वाल सोलत राहिली.

९ जानेवारी, गुरुवार

चारही रूपं एका स्क्रीनवर लावून पाहिली. तीस वर्षं माझ्याच हाताखालून गेलेली, पण अशी शेजारी शेजारी कधी पाहिली नव्हती.

पहिलं १९९५चं. पाचूबंदरला कॅमेरा लावून घेतलेलं खरं दृश्य. शिडाची होडी, मागे कलता सूर्य, नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, पाठमोरा उभा असलेला माणूस दोर खेचतो आणि शीड भरतं. त्यावर ‘शीड’ ही अक्षरं. काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाने मी स्वतः काढलेली. ‘ड’चं पोट होडीसारखं दिसावं म्हणून अकरा पुठ्ठे वाया घालवले होते. सहा सेकंद.

दुसरं २००० सालचं. तेव्हा नवा कॉम्प्युटर आला होता. अक्षरं सोनेरी केली आणि गरगर फिरवली. मागचं दृश्य सोन्याला मारक ठरत होतं, म्हणून होडी आणि माणूस नुसते काळे कापून घेतले. तिसरं २००८चं, लाटाबिटा सगळं कॉम्प्युटरवर. त्यात माणसाचे हात नीट हलेनात, बाहुल्यासारखा दिसायचा, म्हणून त्याला काढला. होडी राहिली. चौथं २०१६चं. लोक मोबाइलवर पाहू लागले, तिथे होडी म्हणजे माशी बसल्यासारखी दिसे. म्हणून फक्त शिडाचा त्रिकोण ठेवला. प्रत्येक वेळी कारण योग्यच होतं. आजही मी तसंच केलं असतं.

रिद्धीचं पाचवं दोन सेकंदांचं आहे. एक वाकडी रेघ येते आणि तिचा ‘श’ होतो. लोक सुरुवात ढकलून पुढे जातात म्हणून दोनच सेकंद, म्हणाली.

मग तिने पहिल्या दृश्यावर बोट ठेवून विचारलं, “सर, हा माणूस कोण?”

मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी शूटिंगला होतो, पुठ्ठा धरून उभा होतो. तरी माहीत नव्हतं.

१६ जानेवारी, गुरुवार

संपदाला कल्पना आवडली. तो माणूस सापडला तर कार्यक्रमात त्याचा सत्कार करू, म्हणाली. दृश्यातलं एक चित्र कागदावर छापून घेतलं आणि सकाळीच पाचूबंदरला गेलो. मासळीचा लिलाव चालू होता, कोणाला मान वर करायला सवड नव्हती. अखेर एका म्हाताऱ्याने कागद डोळ्यांपासून लांब धरून पाहिला. माणसाकडे पाहिलंच नाही त्याने, होडीच्या नाळेवरची रंगवलेली चांदणी पाहिली. ही पास्कूची होडी, म्हणाला, आणि मला त्याच्या घरी धाडलं.

पास्कू म्हणजे पास्कल. तो सत्त्याण्णव साली काविळीने वारला. घरात त्याची बायको प्रिस्का आणि मुलगी कॅथरिन भेटल्या. प्रिस्का साठीची असेल. अंगणात सुके बोंबील काढून घेत होती. कॅथरिन दवाखान्यात नर्स आहे, आज तिची दुपारची पाळी होती. मुलगा ॲल्रॉय जहाजावर असतो. मी कागद पुढे केला तशी कॅथरिन खुर्चीवरून उठलीच.

“हे पप्पा आहेत,” ती म्हणाली. “आम्ही तुमची सिरीयल कधी बघितली नाही, काका. पहिले सहा सेकंद बघायचो. मग मम्मी टीव्ही बंद करायची.”

तिने मला सगळं सांगितलं. वडील गेले तेव्हा ती सात वर्षांची, ॲल्रॉय चार वर्षांचा. घरात त्यांचे फोटो दोनच, भिंतीवरचा लग्नातला आणि रेशनकार्डासाठी काढलेला. हलणारे पप्पा फक्त टीव्हीवर, आठवड्यातून एकदा. ती पाचवीत असताना एक दिवस पप्पा काळे झाले. ॲल्रॉय रडला. मग ती कॉलेजात गेल्यावर होडी रिकामीच आली. त्यानंतर आमच्या मालिकेपाशी तिने कधी थांबून पाहिलं नाही.

मी खुर्चीत बसून ऐकत होतो. हात हलत नव्हते म्हणून काढला, हे काही तिला सांगता आलं नाही. पहिलं दृश्य मूळ रंगात स्वच्छ करून आणून देईन, असं वचन दिलं. प्रिस्का या सगळ्यात एक शब्द बोलली नाही. निघताना फक्त कागद मागून घेतला, पाहिला आणि परत दिला.

२७ जानेवारी, सोमवार

वचन दिलं खरं, पण आमच्याकडे आहे ती नकलेची नक्कल. रंग विटलेले. मूळ टेप हवी. संपदा रविवारी नंदाखालला तिच्या वडिलांच्या घरी गेली होती, तिथल्या कपाटातून एक खोका घेऊन आली. त्यात माझ्याच अक्षरातली चिठ्ठी लावलेली टेप निघाली: ‘होडी, पाचूबंदर, फेब्रु. ९५’. टेपवर बुरशी धरली आहे.

विरारला प्रीतम आहे, माझ्या वेळचा. जुनी यंत्रं अजून चालती ठेवलेला तेवढाच एक. त्याने टेप हुंगली आणि म्हणाला, साफ करायला आठवडा लागेल, आणि चालेल ती एकदाच. त्या एका फेरीत जे निघेल ते आपलं.

आज माझं टेबल खिडकीजवळून आत हलवलं. खिडकीत रिद्धीचा मोठा स्क्रीन बसवायचा आहे. उजेड डोळ्यांवर येत होता मला, बरंच झालं.

५ फेब्रुवारी, बुधवार

काय लिहू ते सुचत नाही. जसं झालं तसंच लिहितो.

प्रीतमकडे मी आणि रिद्धी गेलो होतो. टेप चालली. आम्ही वापरलेलं दृश्य सहा सेकंदांचं, पण कॅमेरा त्याआधी चांगलं पाऊण मिनिट चालू होता, आणि ते कधी कोणी पाहिलेलं नव्हतं. पडद्यावर होडी किनाऱ्याला लागलेली. तिच्यात एक काटकुळा माणूस, अंगात पांढरा गंजीफ्रॉक, तोंड थेट कॅमेऱ्याकडे. तो ओरडतो आहे. “जाल्यावरशी पाय काढा! आठ दीस बसून विनलंय मी, तुमाला उभं ऱ्हायाला नाय!” आमच्या युनिटमधले कोणी हसतात. तो डावा हात उगारून पुन्हा ओरडतो. त्याच्या कपाळाची शीर दिसते इतकं स्वच्छ आहे.

मग कॅमेऱ्यामागून आवाज येतो: “दिवाकर, ह्याला बाजूला घ्या. गंजीफ्रॉक पांढरा आहे, माझी अक्षरं त्यात बुडतील. तो चौकड्याचा शर्टवाला आहे ना, त्याला उभा करा.”

तो आवाज माझा आहे.

होडीतला माणूस काहीतरी बोलतो, ते नीट कळत नाही, आणि उतरून फ्रेमबाहेर जातो. चौकड्याचा शर्ट चढतो, पाठ फिरवतो, दोर खेचतो. शीड भरतं. तेच ते सहा सेकंद.

ओरडणाऱ्याचा चेहरा मी प्रिस्काच्या घरी लग्नाच्या फोटोत पाहिला होता. म्हणजे ज्याला पाहून ती दोन पोरं टीव्हीसमोर बसायची, तो त्यांचा बाप नव्हताच. बापाला मी आधीच बाहेर काढला होता.

रिद्धीने माझ्याकडे पाहिलं नाही. प्रीतम म्हणाला, टेप फार छान निघाली.

८ फेब्रुवारी, शनिवार

तीन दिवस हाच विचार. दृश्यातला माणूस पाठमोरा आहे. कॅथरिन तीस वर्षं त्याला पप्पा म्हणते आहे. तिला स्वच्छ केलेले सहा सेकंद नेऊन दिले, तर ती आनंदाने रडेल आणि कोणाचंच काही बिघडणार नाही. ते पाऊण मिनिट मला आणि रिद्धीलाच ठाऊक. प्रीतमला काही देणंघेणं नाही.

रिद्धीला सहज विचारून पाहिलं की निदान माझं वाक्य तरी पुसता येईल का. ती म्हणाली, पुसता येईल, सर, दोन मिनिटांचं काम आहे. मग म्हणाली, “पण मग ते उतरून का गेले, ते कळणार नाही.”

आशालताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही अक्षरं वाचवत होता, माणूस कोण हे तुम्हाला कुठे माहीत होतं. हे ती माझ्या बाजूने म्हणाली, तरी मला ते नीट गिळवेना.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कॅथरिनची सकाळची पाळी असते तो दिवस विचारून घेतला होता. प्रिस्काबाई एकट्या असतील अशा बेताने गेलो. लॅपटॉप पिशवीतच ठेवला. म्हटलं, बाई, एक चूक झाली आहे. त्या चित्रातला माणूस तुमचे मालक नाहीत.

तिने बसायला पाट दिला.

“तो पास्कू नाय, मना पयल्या दिसापासून ठाव हाय,” ती म्हणाली. “पास्कू डाव्या हाताचा. ह्यो उजव्या हातानं दोर खेचते. ह्यो इनास, त्याचा चुलतभाव. पास्कू त्या दिशी घरी आला तो फनफनत. बोलला, होडी माजी आनि उभा केला इनासला.”

मी विचारलं, मग मुलांना कधी सांगितलं नाही?

“तो गेला तवा ॲल्रॉय चार वर्साचा. टीवी लागला का पप्पा, पप्पा करीत धावत यायचा. त्याला मी काय सांगू, तो तुजा बाप नाय, इनासकाका हाय? आज सांगू, उद्या सांगू करता करता पोरां मोठी झाली.” मग म्हणाली, “इनास पन गेला. तो कुनाला सांगायाला नवता.”

तेव्हा मी लॅपटॉप काढला. म्हटलं, पास्कल आहेत टेपवर. पाऊण मिनिट. पण रागावलेले आहेत. आणि त्यांना बाहेर काढणारा आवाज माझा आहे, हेही सांगून टाकलं.

तिने पदराने स्क्रीन पुसला, जणू एखादी तसबीर असावी. पास्कल ओरडायला लागला तशी ती आधी दचकली आणि मग तोंडावर हात घेऊन हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. “असाच होता, असाच,” एवढंच म्हणत राहिली. पुन्हा लावायला सांगितलं. चार वेळा पाहिलं. चौथ्या वेळी डोळे मिटून नुसतं ऐकलं. माझ्या वाक्याबद्दल ती काहीच बोलली नाही. मी त्याची वाट बघत होतो.

निघताना म्हणाली, रविवारी या, कॅथरिनला मीच सांगते.

१६ फेब्रुवारी, रविवार

चांगलं झालं नाही. मी पोचलो तेव्हा चर्चहून येऊन दोघी बसल्या होत्या आणि सांगून झालेलं होतं. कॅथरिनने ते दृश्य एकदाच पाहिलं. मला वाटलं ती माझ्यावर भडकेल. तिने माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. आईला म्हणाली, “मी इनासकाकाला फ्लाइंग किस द्यायची, मम्मी. दर वेळी. आणि तू मागे उभी राहून बघायचीस.” मग चप्पल घालून बाहेर गेली. प्रिस्काबाई म्हणाली, येईल परत, बापासारखीच हाय. मी चहा न घेता निघालो.

लबाडी चालू ठेवली असती तर आज त्या घरात सण झाला असता, हेही मनात आलं. लिहून ठेवतो, कारण आलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

संपदाला आज सगळं सांगितलं आणि एक मागणी केली. कार्यक्रमात पहिल्या चिन्हाआधी ते पाऊण मिनिट दाखवायचं, न कापता. ती म्हणाली, “काका, त्यात तुमचाच आवाज आहे. त्या दिवशी तरी तुमच्याबद्दल चांगलंच दिसावं, असं मला वाटत होतं.”

त्या दिवशी म्हणजे काय, ते तेव्हा लक्षात आलं नाही. मी म्हटलं, चारही रूपांतून मी पास्कलला बाहेर ठेवला, एकदा तरी आत घेऊ दे. रिद्धी दारात उभी होती. ती म्हणाली, मी लावते सर, माझ्या लोगोचे दोन सेकंद आहेत, वेळ भरपूर आहे. संपदा हसली आणि हो म्हणाली. अट एकच, की घरच्यांची परवानगी हवी.

प्रिस्काबाईने फोनवर लगेच दिली. कॅथरिनचं काय, विचारलं. ती बोलत नाही अजून, म्हणाली, पन घरी जेवते.

९ मार्च, रविवार

कार्यक्रम झाला. हॉल भरला होता. प्रिस्काबाई चौथ्या रांगेत बसली होती, शेजारची खुर्ची पिशवी ठेवून अडवून. दिवे मालवल्यावर कोणीतरी पिशवी उचलून तिथे बसलं. कॅथरिन असावी असं वाटलं, पण अंधारात मान वळवायचा धीर झाला नाही.

आधी ते पाऊण मिनिट. पास्कल ओरडला तेव्हा लोक हसले, अगदी खुशीने. मग माझा आवाज आला आणि हसणं थांबलं. माझ्या बाजूला बसलेल्या आमच्या जुन्या कॅमेरामनने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पुढे सगळं ओळीने गेलं: चौकड्याचा शर्ट, काळी आकृती, रिकामी होडी, त्रिकोण, रेघ. कोणी काही समजावून सांगितलं नव्हतं, तरी चौथ्या रूपापर्यंत हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. रिद्धीचे दोन सेकंद झाले आणि टाळ्या आल्या. तिची रेघ सुंदर आहे, खोटं कशाला लिहू.

मग संपदाने मला स्टेजवर बोलावलं. शाल, श्रीफळ, आणि दिनानाथकाका उद्यापासून विश्रांती घेणार, असं भाषण. मी नारळ हातात धरून उभा होतो. जानेवारीपासूनची यादी, टेबल, रिद्धीला समजावणं, सगळं तिथे उभ्या उभ्या उलगडत गेलं. आशालता पहिल्या रांगेत होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. रिक्षात तिला विचारलं, तुला केव्हापासून माहीत होतं? म्हणाली, यादीपासून. संपदाने वाईट काही केलं नाही. मी चौसष्टचा आहे. पण आधी सांगितलं असतं तर मी ती शाल जरा नीट घेतली असती.

कॅथरिन भेटायला आली नाही.

१४ मार्च, शुक्रवार

चार दिवस लिहिलं नाही. आचोळ्याच्या बाजारात दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा नको असलेलं आणलं.

आज अकरा वाजता कॅथरिनचा फोन आला. ॲल्रॉयला ती क्लिप पाठवली, जहाजावर त्याने सगळ्यांना दाखवली. त्याचं म्हणणं, उतरताना पप्पा काहीतरी बोलतात ते ऐकू येत नाही. मम्मीला विचारलं तर ती म्हणते शिवी असेल. “काका, ते साफ होईल का? होत नसेल तर राहू दे.”

रिद्धीला फोन केला. तिने मूळ ध्वनी लगेच पाठवला आणि कुठलं बटण कशासाठी, ते धीराने सांगितलं. दुपारभर कानाला लावून बसलो. आधी वारा काढला, मग पाण्याचा आवाज, मग आमच्या लोकांचं हसणं. चारच्या सुमारास शब्द वर आले. शिवी नाही. तो इनासला सांगतो आहे: “तूच ऱ्हा उभा. मना घरी जायाचं हाय, पोरीला ताप हाय.” ‘ताप’ की दुसरं काही, याची मला पूर्ण खात्री नव्हती. म्हणून त्यांना काही न सांगता नुसतं ऐकवायचं ठरवलं.

संध्याकाळी गेलो. तिघं ओट्यावर बसलो. कॅथरिनच्या फोनवर ॲल्रॉय होता, मागे इंजिनाची घरघर. माझ्या फोनवरून ऐकवलं. पुन्हा ऐकवलं. प्रिस्काबाई कॅथरिनकडे बघत म्हणाली, “गोवर आला हुता तुला. पाच वर्साची हुतीस. रातभर तुला खांद्यावर घेऊन फिरला तो.” ॲल्रॉय पलीकडून म्हणाला, काय, काय म्हणाले? मीच त्याला सांगितलं.

कॅथरिनने माझा फोन हातातून घेतला आणि कानाला लावून तिसऱ्यांदा ऐकलं, आमच्याकडे पाठ करून. त्या शब्दांच्या मागोमाग माझा आवाज येतो: “गेला ना? चला, घ्या.” वारा आणि पाणी काढल्यामुळे तो आता फारच स्वच्छ ऐकू येतो. तो मी कापला नव्हता. तिने तोही ऐकला. मग वळून आईला म्हणाली, काकांना जेवायला थांबव.

थांबलो. बोंबलाचं कालवण होतं.